पाण्यातले तीन दात

ठसा मोठा आला.

रंजिताने भिंगावरून डोळा काढला, चोळला आणि पुन्हा लावला. ठसा तेवढाच. करड्या दातावर काळ्या पतंगासारखा हातपाय पसरून बसलेला, आणि तोही नको त्या दातावर.

"ताई, हा पाण्यातला दात आहे."

"मग?" डेंटल कॉलेजात संशोधन करणारी ज्योत्स्नाताई शेजारच्या टेबलावर स्वतःचे नमुने पुसत होती.

"मग ठसा लहान यायला पाहिजे ना. मोठा कोल्ड्रिंकवाल्याचा यायला पाहिजे."

"काय यायला पाहिजे ते यंत्राला कोणी सांगितलेलं नसतं," ज्योत्स्नाताई म्हणाली आणि उठून आली.

त्या यंत्राचं काम सांगायला अगदी सोपं होतं, आणि रंजिता ते भेटेल त्याला सांगत सुटली होती. यंत्राच्या खालच्या टोकाला एक हिरा असतो, चार बाजूंच्या पिरॅमिडसारखा घासलेला, इतका बारीक की नुसत्या डोळ्याला टोकच कळत नाही. तो वस्तूवर टेकतो, ठरलेल्या वजनाने थोडा वेळ दाबून धरतो आणि उठतो. मागे एक चौकोनी ठसा राहतो, केसाच्या जाडीहूनही लहान. तो भिंगाखाली आणायचा, दोन रेषा सरकवत त्याच्या टोकांना टेकवायच्या, की कर्णाची लांबी मिळते आणि यंत्र एक आकडा दाखवतं. ठसा मोठा म्हणजे वस्तू मऊ, आकडा लहान. ठसा लहान म्हणजे वस्तू कठीण, आकडा मोठा. एवढंच. यात चुकण्यासारखं काय आहे, असं रंजिता आईला म्हणाली होती, तेव्हा आई कांदे चिरत होती आणि म्हणाली होती, "हो ना."

ज्योत्स्नाताईने भिंगातून पाहिलं. रेषा सरकवल्या. एकशे साठ. दुसरा ठसा, तिसरा ठसा. दुसऱ्या दातावर, तिसऱ्या दातावर. सगळे दीडशे ते पावणेदोनशेच्या मध्येच घोटाळत होते. आणि कोल्ड्रिंकमधले दात? ते बिचारे दोनशे दहावर निवांत बसले होते. सुरुवातीला, काहीही करण्याआधी, साही दात दोनशे ऐंशीच्या आसपास होते. म्हणजे नुसत्या पाण्यात बसलेले दात कोल्ड्रिंक प्यायलेल्या दातांपेक्षा जास्त मऊ झाले होते.

"यंत्र बिघडलंय," रंजिता म्हणाली.

ज्योत्स्नाताईने खणातून एक पोलादी गोल चकती काढली. तिच्या कठीणपणाचा आकडा तिच्यावरच कोरलेला होता. ती यंत्राखाली ठेवली, हिरा टेकवला, उचलला, मोजला. कोरलेला आकडा आणि आलेला आकडा जवळजवळ जुळले.

रंजिताला त्या चकतीचा भयंकर राग आला.

"आणि एक पाहा," ज्योत्स्नाताईने पाण्यातला एक दात चिमट्यात उजेडाकडे धरला. दात गुलाबी प्लास्टिकच्या गोल ठोकळ्यात बसवलेला होता, फक्त वरचा भाग उघडा. "मागच्या वेळी आपण याला आरशासारखं पॉलिश केलं होतं. आता खडूसारखा पांढरा दिसतोय. ब्रश वगैरे लावलास का?"

"नाही हो ताई. नुसतं पाणी. रोज बदलत होते."

"ठोकळ्यांवर नंबर कोरलेत?"

रंजिताने ठोकळा उलटून पाहिला. नावं बाटल्यांवर होती. बाटल्यांवर पांढरी चिठ्ठी चिकटवून एकीवर 'पाणी' आणि दुसरीवर 'को' लिहिलं होतं. ठोकळ्यांवर काहीच नव्हतं.

ज्योत्स्नाताई रागावली नाही. ती फक्त "हं" म्हणाली, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं. यंत्राची पुढची वेळ तिच्या स्वतःच्या संशोधनाची होती, त्यानंतर इतर विद्यार्थ्यांची रांग. बोरगाव मेघेहून सायकल दामटत सावंगीला आलेल्या नववीतल्या मुलीला त्या प्रयोगशाळेत दोन वेळा बसू दिलं हेच खूप होतं.

नववीत गेल्यापासून रंजिताला एक शोध लागला होता: विचारलं की लोक बहुतेक वेळा हो म्हणतात. आठवीपर्यंत ती वर्गात हात वर करायलाही घाबरायची. मग एकदा करून पाहिला आणि काहीच झालं नाही, उलट उत्तर बरोबर निघालं. तेव्हापासून ती विचारतच सुटली. गल्लीतल्या पोरांना पडलेले दुधाचे दात विचारले. सगळे आपापले दात उंदरासाठी छपराच्या कवेलूंवर फेकून मोकळे होत असत, पण बाबांच्या किराणा दुकानातल्या चॉकलेटच्या बरणीपुढे उंदराचं काय चालणार? सहा चांगले दात जमले. मग कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या दारात उभी राहून तिने ज्योत्स्नाताईला विचारलं, आणि तीही हो म्हणाली. शाळेत धीरज सरांना विचारलं की वर्ध्याच्या तालुका विज्ञान प्रदर्शनात शाळेकडून माझा प्रयोग जाईल का. सर म्हणाले, "मोजलेले आकडे आणशील तर जाईल. थर्माकोलचा जबडाबिबडा नको."

आणि आता आकडे होते. उलटे.

सावंगीहून घरी येईपर्यंत तिने सायकलवर बसून सगळ्यांना दोष देऊन पाहिला. पाण्याला, कोल्ड्रिंकच्या कंपनीला, हिऱ्याला. शाळेजवळच्या चौकात तिला एकदम सुचलं. चिठ्ठ्या. पाणी बदलताना बाटल्यांची अदलाबदल झाली असणार. कोल्ड्रिंक लिंबाच्या चवीचं, पाण्यासारखंच दिसणारं. बस, ठोकळे इकडचे तिकडे गेले आणि आकडे उलटे झाले. तिने सायकल तशीच शाळेकडे वळवली आणि धीरज सरांना स्टाफरूमच्या दारात गाठलं.

सरांनी ऐकून घेतलं, चष्मा वर केला. "मग उलट लिही ना. साधी गोष्ट आहे. चिठ्ठ्या बदलल्या, आकडे बदल. चार्ट कर आणि परवा घेऊन ये, मला नावं पाठवायची आहेत."

"पण सर, नक्की बदलल्या का ते—"

"अगं, पाण्याने कधी दात मऊ होतात का? मग बदलल्याच असणार. दुसरं काय?"

दुसरं काय, खरंच. रंजिताला इतकं हलकं वाटलं की ती घरापर्यंत उभ्यानेच पॅडल मारत आली.

घरात अजून सणाचा पसारा होता. महालक्ष्म्या कालच उठल्या होत्या. मखर सोडायचं राहिलं होतं, सोळा भाज्यांपैकी उरलेल्या डब्यात बसल्या होत्या, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर घासलेल्या पितळेची रांग ऊन खात होती. ती सुलोचनाआत्याची करामत. आत्या दर वर्षी महालक्ष्म्यांना अल्लीपूरहून यायची आणि आल्या आल्या पदर खोचून समया, घंट्या, तांबे, गडवे, जे हाताला लागेल ते चिंचेच्या कोळात घालायची. घरी तिची भाजीची वाडी होती, तिथे पहाटेपासून वाकून काम करायची, पण भावाच्या घरी दोन घडी स्वस्थ बसली असं कोणी पाहिलं नव्हतं.

रंजिताने बैठकीत चार्टपेपर पसरला. 'पाणी' लिहिलं, पुढे दोनशे दहा. 'कोल्ड्रिंक' लिहिलं, पुढे एकशे साठ. लाल स्केचपेनने खाली रेघ मारली. किती छान दिसत होतं.

आत्या हातात आंबिलीची वाटी घेऊन आली. "पोट्टी सकाळपासून उपाशी आहे. घे. काय लिहून राह्यली?"

"दातांचे आकडे, आत्या."

"ते होय," आत्या खाली बसली. "ते तुह्ये दाताचे गोटे. तुह्या आईले म्हटलं मी, पोरगी सावंगीच्या मोठ्या लोकायले दाखवाले नेऊन राह्यली, अन् कसे बुळबुळीत झाले होते पाण्यात ठेवून ठेवून. समयांसंगं घासून टाकले. कसे पांढरेफट्ट निघाले, पाह्यलं नाई तू?"

स्केचपेन कागदावर तसंच टेकलेलं राहिलं आणि त्याखाली लाल ठिपका पसरत गेला.

"कशाने घासले?"

"चिंचेनं. अजून कशानं घासतेत?"

"सगळे?"

"तीनच. दुसऱ्या शिशीले मुंग्या लागल्या होत्या, त्याले मी हात नाई लावला. मले वाटलं त्याच्यात औषध असंन."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "वन्संनी एवढ्या मायेनं केलं, अन् मी तुले सांगाले विसरली पाय."

रंजिता उठून उभी राहिली. तिला एकाच वेळी रडू, राग आणि शिंक असं काहीतरी येत होतं. "तुले कोणी सांगतलं होतं व आत्या? कोणी सांगतलं होतं माह्या वस्तूले हात लावाले? तो दात आहे, समई नाई."

"रंजे," आई दारात आली.

"पाण्यातला दात पाण्यातच ठेवाचा असते, आई. त्याले काहीच नाई कराचं, हेच त्याचं काम. बाकीचे त्याच्याशी ताडून पाह्यतेत. हिनं तोच घासला. तोच."

आत्याने आंबिलीची वाटी आपल्याकडे ओढून घेतली, जणू तीही कोणीतरी हिसकावेल. "मले काय मालूम बाप्पा," ती हळूच म्हणाली. "काहीच न कराचं काम मी कधी ऐकलं नाई."

रंजिताने चार्टकडे पाहिलं. मघाशी चिठ्ठ्या बदलल्या असाव्यात असं वाटत होतं. आता बदलल्या नव्हत्या हे माहीत होतं. कागद तोच, आकडे तेच, आणि तरी मघाशी जी चूक दुरुस्त केल्यासारखी वाटली ती आता सरळसरळ थाप होती. आत्याने आणखी दोन दिवस तोंड उघडलं नसतं तर काय बिघडलं असतं? हा विचार मनात आला आणि तिला त्याचाही राग आला.

मग तिच्या डोक्यात दुसरंच चमकलं. ती पुन्हा खाली बसली. "आत्या, कोल्ड्रिंकपेक्षा चिंच जास्त निघाली. म्हणजे हाच प्रयोग होऊ शकते. चिंच आणि कोल्ड्रिंक. किती वेळ ठेवले होते दात?"

"समया होईपर्यंत."

"म्हणजे किती?"

"मंग तांबे घेतले. मंग शेजारची आली, तिच्यासंगं बोलत बसली. मंग काढले."

"चिंच किती होती?"

"मूठभर. अन् मीठ."

"मीठही?"

"मिठाशिवाय कोणी पितळ घासते का?"

"आणि कशानं घासले? हातानं?"

"आधी हातानं. मंग नारळाच्या शेंडीनं. एक जरा जिद्दी होता, त्याले चांगला रगडला." आत्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. "काऊन व, पोलीस आहे का तू?"

रंजिताने तोंड ओंजळीत झाकलं. वेळ माहीत नाही. चिंच किती, माहीत नाही. मीठ मध्येच आलेलं. शेंडीने रगडलेलं. दात चिंचेने मऊ झाले, की मिठाने, की रगडल्याने वरचा थरच निघून गेला, हे आता जगातला कुठलाच हिरा सांगू शकणार नव्हता. इतका नीट मोजलेला आकडा आणि त्याचा अर्थ काही नाही. खोटा निघाला असता तर निदान फेकता तरी आला असता.

दुसऱ्या दिवशी तिने धीरज सरांना सगळं सांगितलं. सरांना आधी हसू आलं, मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "बरं. पण आता कोणाला माहीत आहे?"

"मला, सर. आणि आत्याला."

"आत्या येणार आहे का प्रदर्शनाला?"

"नाही म्हणजे... तसं नाही, सर. मला उभं राहून बोलायचं आहे ना. मी त्या चार्टपुढे उभी राहून कशी बोलू? मला तोंडाने येणारच नाही ते."

"मग काय बोलशील? काहीच सिद्ध झालं नाही असं? प्रदर्शनात?" सरांनी उसासा टाकला. "रंजिता, तू हुशार आहेस. पण दहावीच्या मुलांनी सिरिंजचा जेसीबी केलाय. तो माती उचलतो. परीक्षक उभे राहून बघतात. तुझ्याकडे काय आहे?"

"मोजणं आहे," ती म्हणाली. तिच्या आवाजात आधीच रडू होतं, आणि म्हणून ती जास्तच जोरात बोलली. "यंत्र बरोबर आहे हे दाखवता येतं. आधीचे आकडे आहेत. ठशांचे फोटो आहेत. कुठे चुकलं ते आहे. मला जाऊ द्या, सर. नंबर नाही आला तर नाही आला."

सर बराच वेळ पेन टेबलावर आपटत राहिले. शेवटी त्यांनी जेसीबीच्या खाली तिचंही नाव लिहिलं. पण हो म्हणताना त्यांचा चेहरा असा होता की तिला नाहीच ऐकल्यासारखं वाटलं.

प्रदर्शनाच्या दिवशी आत्याही सोबत निघाली, कारण तिला वर्ध्याहून अल्लीपूरची गाडी धरायची होती आणि पिशवी घेऊन स्टँडवर बसण्यापेक्षा हॉलमध्ये बसणं बरं, असं तिचं म्हणणं पडलं. रंजिताने तिला टेबलामागे खुर्चीत बसवलं आणि बजावलं, "कशालेच हात लावू नको."

"नाई लावत," आत्या म्हणाली आणि दोन्ही हात पदरात गुंडाळून बसली.

टेबलावर नवा चार्ट होता. कोल्ड्रिंकपुढे दोनशे दहा. पाण्यापुढे एकशे साठ, आणि त्यावर तिरपी रेघ मारून 'बाद' लिहिलेलं. बाजूला ठशांचे मोठे फोटो. लोक येत, फोटो पाहून "हे काय, पतंग?" विचारत. रंजिता पहिल्यापासून सांगायला घेई: हिरा, वजन, कर्ण. हिऱ्यापर्यंत माणसं थांबत. कर्णापर्यंत शेजारचा जेसीबी माती उचलू लागे आणि माणसं तिकडे सरकत.

बायका मात्र 'बाद' पाशी अडत. "काऊन बाद?"

"चिंचेने घासले गेले, म्हणून."

"म्हणजे चिंचेनं दात मऊ होतेत का?"

"माहीत नाही. तसं मोजलेलं नाही."

"पण आकडा तर कमी आला ना?"

"हो. पण मीठही होतं. आणि शेंडीने घासलं होतं."

"मंग मिठानं होतेत का?"

"तेही माहीत नाही."

"मंग तुले मालूम काय आहे?" एक बाई अगदी मनापासून म्हणाली, आणि रंजिताला टेबलाखाली जाऊन बसावंसं वाटलं.

परीक्षक आले, दोघे. एकाने नुसतं पाहिलं आणि पुढे गेला. दुसरा थांबला. त्याने यंत्राबद्दल विचारलं, तिने सांगितलं. यंत्र बरोबर आहे कशावरून, असं विचारलं, तिने पोलादी चकतीचं सांगितलं. एका दातावर एकापेक्षा जास्त ठसे का घेतले, असं विचारलं, तेही तिने सांगितलं, आणि त्या दोन मिनिटांत ती पुन्हा पूर्वीची रंजिता होती, हात हवेत फिरवत बोलणारी.

"आणि निष्कर्ष?" त्याने विचारलं.

हात खाली आले. "निष्कर्ष नाही. पाण्याचा गट बिघडला. त्याच्याशिवाय कोल्ड्रिंकबद्दल खात्रीने बोलता येत नाही. आकडे कमी झाले, एवढंच म्हणता येतं."

त्याने कागदावर काहीतरी टिपलं, "ठीक आहे" म्हणाला आणि जेसीबीकडे वळला. दुपारी नावं वाचली गेली. जिल्हा पातळीच्या प्रदर्शनाला जेसीबी गेला.

रंजिता फोटो काढू लागली. चिकटपट्टी भिंतीवरून निघेना, निघाली ती रंगाचा पापुद्रा घेऊनच निघाली. आत्या खुर्चीतून उठली नव्हती. हात अजून पदरातच होते.

"माह्यामुळं गेलं ना?"

नाही म्हणायला काय लागत होतं? सगळे म्हणाले असते. पण गेले कित्येक दिवस तिने एवढ्या एका गोष्टीसाठी जीव काढला होता की आहे ते आहे म्हणायचं, आणि आता आत्यासाठी वेगळा नियम कुठून आणणार.

"हो," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "अर्धं तुह्यामुळं. मी ठोकळ्यायवर नंबर टाकले असते, शिशीवर 'हात लावू नये' लिहिलं असतं, तर तू कायले घासले असते?"

"तरी घासले असते," आत्या प्रामाणिकपणे म्हणाली. "मी कुठं चिठ्ठ्या वाचत बसते?"

फोन वाजला. ज्योत्स्नाताईचा होता. काय झालं ते तिने विचारलं, रंजिताने सांगितलं. ज्योत्स्नाताईने मध्ये एकदाही 'वाईट वाटून घेऊ नकोस' म्हटलं नाही. म्हणाली, "दिवाळीच्या सुट्टीत मुलं घरी जातात, तेव्हा यंत्र रिकामं असतं. परवानगी मी विचारते. नवे दात जमव, ठोकळे मी करून देईन, नंबर माझ्यासमोर कोर. तिसरा गट चिंचेचा कर, वजन करून, वेळ लावून. पण पाण्याचे दात सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाण्यातच पाहिजेत."

फोन ठेवून रंजिता तशीच उभी राहिली. दिवाळी. म्हणजे माळ्यावरची भांडी खाली, डबे, कढया, पणत्या, देवघर, खिडक्यांचे गज सुद्धा. आणि भाऊबीज, म्हणजे आत्या आठवडाभर मुक्कामी. अख्ख्या वर्षात घरात घासाघाशीचा दुसरा एवढा मोठा मोसम नव्हता, आणि यंत्र नेमकं तेव्हाच रिकामं. तिने हे सगळं आत्याला चिडचिड्या आवाजात सांगितलं, जणू दिवाळीची तारीखही आत्यानेच काढली होती.

आत्याने पिशवी खांद्याला अडकवली आणि विचार केला. खरोखरच केला, कपाळाला आठ्या घालून.

"असं कर," ती म्हणाली. "मी दिवाळीले इथं येईन तवा तुह्ये दात अल्लीपूरले माह्या घरी ठेव. तिथं माह्ये मालक, तुह्ये मामाजी, एकटे राह्यतीन. ते स्वतःचं ताट घासत नाईत, तुह्ये दात कायले घासतीन?"